वादळानंतरची साक्ष

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 27 : 14 ते 28 : 10, निर्गम 20 : 16



पौलाला रोमास नेणारे तारू क्रेत बेटाजवळ तुफानात सापडले, हा वृत्तांत आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. त्या वाऱ्याचे नावदेखील लूकाने लिहून ठेविले आहे : युरकुलोन. पुष्कळ दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. तारवावर दोनशे शहात्तर माणसे होती व ती सर्व जिवंत किनाऱ्यास लागली. शब्बाथशाळेत आपण बहुधा येथेच पुस्तक मिटतो. परंतु लूक येथे थांबत नाही. तारू फुटण्याच्या वेळी व त्यानंतर माणसे एकमेकांविषयी काय बोलली, हेही तो लिहितो. आणि आजचा आपला विषय तोच आहे.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. तारू वाळूत रुतून फुटू लागले तेव्हा शिपायांच्या मनात प्रथम काय आले? बुडणाऱ्यांस वाचवावे, असे नव्हे. कैदी पोहून पळतील, सबब त्यांस मारून टाकावे, असे आले. शताधिपतीने त्यांस आवरले नसते तर रोमकरांस पौलाचे तोंड दिसले नसते. दुसरी गोष्ट मिलिता बेटावरची. तेथले लोक दयाळू होते. पावसात कुडकुडणाऱ्या परक्यांसाठी त्यांनी आगटी पेटविली. तथापि पौलाने काटक्या आगीत टाकल्या, त्यांतून साप निघाला व त्याच्या हाताला डसून राहिला, तेव्हा त्याच दयाळू लोकांनी क्षणात निवाडा केला, की हा खचीत कोणी खुनी आहे. समुद्रातून वाचला तरी न्याय त्यास जगू देत नाही. त्यांस पौलाचे नाव ठाऊक नव्हते, गाव ठाऊक नव्हते. त्याच्यावर संकट आले एवढेच त्यांनी पाहिले, आणि संकटावरून त्याचा गुन्हा ठरविला.

हा दुहेरी मोह, म्हणजे संकटात सापडलेल्याचे भय धरणे आणि संकटावरून त्याचे पाप मोजणे, पहिल्या शतकाबरोबर संपला नाही. आपल्या काळात तो अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी एवढ्या उघडपणे दिसला, की त्याची हकीकत आपण नीट समजून घेतली पाहिजे. तो देश आपणांस परका नाही. 1813 साली मुंबईस आलेले पहिले अमेरिकन मिशनरी तेथूनच आले. 1900 सालच्या दुष्काळात ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मुंबईस मका आला तोही तेथूनच. म्हणून त्या देशातील दुःखाची गोष्ट आपण शेजाऱ्याची म्हणून ऐकावी.

आपण ज्यास चक्रीवादळ म्हणतो त्यासच त्या बाजूस हरिकेन म्हणतात. ‘कट्रिना’ नावाचे असे एक वादळ 29 ऑगस्ट 2005 रोजी, सोमवारी, लुइझियाना प्रांताच्या किनाऱ्यावर आले. न्यू ऑर्लिन्स शहराचा बराच भाग समुद्रसपाटीहून खोल आहे. मातीचे बांध व सिमेंटच्या भिंती यांच्या आधाराने ते वसले आहे. वाऱ्याने जी हानी केली तीहून पुष्कळ अधिक हानी या भिंती फुटल्याने झाली. शहराचा पाचांतील चार हिश्शांएवढा भाग पाण्याखाली गेला. ज्या सरकारी इंजिनियर खात्याने त्या भिंती बांधिल्या त्यानेच 2006 च्या जूनमध्ये आपल्या अहवालात कबूल केले, की आखणीतच दोष होता. कित्येक ठिकाणी पाणी माथ्यावरून जाण्यापूर्वीच भिंती कलंडल्या होत्या. मृतांचा आकडा पुष्कळ वर्षे 1,833 असा सांगत असत. 2023 साली तेथील हवामानखात्याने तो तपासून 1,392 असा ठरविला. लुइझियानातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे पंचाहत्तर वर्षांचे किंवा त्याहून वृद्ध होते. शहर सोडून जाण्याचा हुकूम आदल्या दिवशी, रविवारी, सुटला होता. पण एक लाखाहून अधिक लोकांजवळ गाडीच नव्हती. मागे राहिले ते मुख्यत्वे गरीब, आजारी, म्हातारे, आणि त्यांत बहुतेक काळ्या वर्णाचे.

मी व्याख्यासनावरून बोलणारा मनुष्य आहे, म्हणून प्रथम व्याख्यासनाविषयी बोलणे न्याय्य होईल. पाणी ओसरते न ओसरते तोच कित्येक उपदेशकांनी सांगावयास आरंभ केला, की हा देवाचा दंड होय. त्या शहरात मद्यपान व व्यभिचार माजला होता, म्हणून देवाने ते बुडविले. एका प्रसिद्ध उपदेशकाने 2006 साली हेच मत आकाशवाणीवर मांडिले व 2008 साली ते मागे घेतले. शहराच्या महापौरानेही 2006 च्या जानेवारीत देव अमेरिकेवर रागावला आहे अशा अर्थाचे भाषण केले. आता, बंधूंनो, त्या शहराचा नकाशा पाहा. दारूचे गुत्ते व रात्रीची मौज यांसाठी जो भाग जगात गाजला आहे, तो जुना फ्रेंच मोहल्ला. आणि तो उंचावर असल्यामुळे बहुतांशी कोरडा राहिला. बुडाला तो खालचा नववा वॉर्ड, जेथे कष्टकरी काळ्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पै पै साठवून स्वतःची घरे बांधिली होती आणि जेथे लहान लहान प्रार्थनामंदिरे ठिकठिकाणी होती. देवाने नेम धरून बाण मारिला असे म्हणणाऱ्याने हेही सांगावे, की मग तो गुत्त्यांवर न लागता मंदिरांवर कसा लागला. शिलोहाचा बुरूज ज्या अठरा जणांवर कोसळला ते यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे आपल्या प्रभूने लोकांस विचारिले आणि स्वतःच त्याचे उत्तर नकारार्थी दिले (लूक 13). पश्चात्तापाची हाक त्याने दिली खरी, पण ती ऐकणाऱ्यांस दिली, मेलेल्यांस नव्हे. भिंत कोणी कच्ची बांधिली हा प्रश्न विचारण्याऐवजी मेलेला कोणत्या पापाने मेला हे शोधणे फार सोईचे असते. त्याने भिंत बांधणाऱ्याची झोप मोडत नाही.

व्याख्यासनाची ही कथा झाली. वृत्तपत्रांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिच्यात पुष्कळ चांगलेही आहे, आणि ते न सांगता पुढे जाणे हीही खोटी साक्षच होईल. ‘टाइम्स-पिकायून’ हे त्या शहराचे वृत्तपत्र. वादळापूर्वी तीन वर्षे, 2002 च्या जूनमध्ये, त्याने लेखमाला छापून सांगितले होते, की मोठे वादळ आल्यास हे शहर असे असे बुडेल व गाडी नसलेले लोक मागे राहतील. यहेज्केलाच्या पुस्तकातील पहारेकऱ्याने शिंग वाजवावे तसे त्यांनी वाजविले. ऐकणाऱ्यांनी ऐकले नाही. पाणी चढू लागले तेव्हा त्याचे लोक वर्तमानपत्रे वाटण्याच्या मोठ्या गाड्यांत बसून कचेरीतून निघाले, आणि कागदावर छापता येत नव्हते ते दिवस त्यांनी बातम्या संगणकावरून पुरविल्या. शहराच्या अधिवेशनगृहात सुमारे वीस हजार माणसे अन्नपाण्यावाचून पडली आहेत हे दूरचित्रवाणीवर जग पाहत होते, त्या वेळी संकटनिवारण खात्याच्या मुख्याने आपणांस ते त्याच दिवशी कळले असे सांगितले. बातमीदार तेथे उभे राहून ओरडले नसते तर ती माणसे आणखी किती दिवस तशीच पडली असती कोण जाणे.

परंतु याच दिवसांत दुसऱ्या प्रकारच्या बातम्याही जगभर पसरल्या. सुपरडोम म्हणून खेळाचे एक प्रचंड छपरी मैदान आहे. तेथे पंचवीस हजारांवर लोक आश्रयास होते. तेथे लहान मुलांवर अत्याचार होत आहेत, टोळ्या खून पाडीत आहेत, प्रेतांचे ढीग लागले आहेत, अशा वार्ता येऊ लागल्या. महापौर व पोलिसांचा मुख्य यांनीच दूरचित्रवाणीवर त्या सांगितल्या. मग कोण शंका घेणार? आश्रयास आलेली माणसे जगाच्या दृष्टीने पाहता पाहता श्वापदे झाली.

पाणी ओसरल्यावर प्रेते उचलण्यासाठी एक डॉक्टर बर्फाची मोठी गाडी घेऊन सुपरडोमला आला. दोनशे प्रेते असतील अशी त्यास वर्दी होती. निघाली सहा. त्यांतील चौघे आजाराने वारले होते, एक अमली औषधाने, आणि एकाने उंचावरून उडी टाकून जीव दिला होता. अधिवेशनगृहात चार प्रेते निघाली. त्यांपैकी एकाचा खून झाला असावा असे वाटले. 26 सप्टेंबर 2005 रोजी ‘टाइम्स-पिकायून’ने हे सर्व छापिले. बातमीदारांनी शिपायांस, डॉक्टरांस, पोलिसांस एकेक करून विचारिले, की तू हे डोळ्यांनी पाहिलेस काय? बहुतेकांचे उत्तर एकच : नाही, ऐकले. ध्यानात घ्या, याच पत्राने त्याआधी प्रेतांच्या ढिगाची एक खोटी वार्ता स्वतः छापिली होती. ती खोटी होती हे सांगावयास ते लाजले नाही. मिलिताचे लोकही, पौल आता सुजेल, आता पडेल, अशी वाट पाहत बसले, आणि तसे काही होत नाही हे डोळ्यांनी दिसल्यावर त्यांनी आपले पहिले मत टाकिले. (त्यानंतर ते त्यास देव म्हणू लागले, ही दुसरी चूक, लोकमताचे असेच असते.)

कोणी म्हणेल, पाळकसाहेब, चोऱ्या झाल्याच नाहीत काय? झाल्या. भुकेने भाकर उचलणारे होते, तसे पाण्यातून नवी यंत्रे वाहून नेणारेही होते. जे झाले ते झाले म्हणावे. पण नववी आज्ञा शेजाऱ्यावर खोटी साक्ष देण्यास मना करिते, आणि तो शेजारी निर्मळ असेल तरच असे तिच्यात कोठे लिहिलेले नाही. शंभर जणांच्या जमावात दहा चोर असतील, तर नव्वदांस चोर म्हणणे ही नव्वद खोट्या साक्षी होत.

आणि या साक्षीने नुसती अब्रू गेली असे नव्हे. 31 ऑगस्टच्या संध्याकाळी महापौराने सुमारे दीड हजार पोलिसांस हुकूम दिला, की बुडणाऱ्यांस काढण्याचे काम सोडा व लुटारूंस आवरा. त्या घटकेस माणसे छपरांवर बसलेली होती, पोटमाळ्यांत अडकलेली होती. अधिवेशनगृहात जमाव हिंसक आहे या समजुतीने तेथे जाण्यास सैन्य हजारभर शिपाई जमेपर्यंत थांबले. 2 सप्टेंबरला ते शिरले तेव्हा कोणी बोटही उचलले नाही. त्यांच्यापुढे तहानलेली माणसे बसली होती. नदीपलीकडे जाणाऱ्या मोठ्या पुलावरून पायी निघालेल्या लोकांस पलीकडील गावच्या पोलिसांनी अडविले आणि त्यांच्या डोक्यांवरून गोळ्या झाडून परत फिरविले. कैदी पळतील म्हणून मारावे असे म्हणणारे शिपाई आठवा. या खेपेस आवरणारा शताधिपती तेथे नव्हता.

याहून वाईट गोष्ट 4 सप्टेंबर रोजी, प्रभूच्या दिवशी, घडली. डँझिगर नावाच्या पुलावरून काही माणसे चालली होती. त्यांत एक कुटुंब अन्नसामग्रीच्या शोधात निघाले होते. कोणीएकाजवळही हत्यार नव्हते. पोलिसांवर गोळीबार होत आहे अशी वर्दी बिनतारी यंत्रावर आली, पोलीस गाडीतून उतरले, आणि त्यांनी गोळ्या चालविल्या. दोघे ठार झाले, चौघे जखमी. ठार झालेल्यांतील एक मतिमंद होता. त्यास पाठीत गोळी लागली. मग पोलिसांनी खोटा अहवाल लिहिला व खोटे पिस्तूल पुराव्यात घातले. त्यांतील पाच जणांनी गुन्हा कबूल केला तो 2016 साली, म्हणजे अकरा वर्षांनी.

दोन छायाचित्रांची गोष्ट तेवढी सांगतो. दोन्ही 30 ऑगस्टची. एकात काळा तरुण छातीएवढ्या पाण्यातून सामान घेऊन चालला आहे. खाली लिहिले, की दुकान लुटून निघाला. दुसऱ्यात गोरे स्त्रीपुरुष तशाच पाण्यातून भाकर व पेये घेऊन चालले आहेत. खाली लिहिले, की त्यांस ती दुकानातून सापडली. छायाचित्रे दोन निरनिराळ्या वृत्तसंस्थांची होती, आणि प्रत्येकीने आपले कारण सांगितले : एका छायाचित्रकाराने तरुणास दुकानात शिरताना पाहिले होते, दुसऱ्याच्या समजुतीप्रमाणे वस्तू पाण्यावर तरंगत आल्या होत्या. त्यांच्या मनात कपट होते असे मी म्हणत नाही. पण जगाने दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि एकाच्या हातातली भाकर चोरीची व दुसऱ्याच्या हातातली सापडलेली कशी होते हे पुष्कळांस प्रथमच दिसले.

आपणांस मात्र ते प्रथमच दिसले असे नव्हे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराणी महारवाड्यातून व मांगवाड्यातून आली आहेत. गावात कणगी फुटली की पोलीस कोणत्या वस्तीत प्रथम येत असत, हे आपल्या आजोबांस विचारावे लागत नव्हते. 1871 च्या कायद्याने सबंध जातीच्या जातीच गुन्हेगार म्हणून वहीत लिहिल्या, आणि तो कायदा रद्द व्हावयास 1952 साल उजाडावे लागले. दुष्काळात जे मंडळीत आले त्यांस पोटार्थी ख्रिस्ती म्हणून हिणविले. भुकेल्याची भूक पाहून त्याच्या मनाविषयी साक्ष देणारे तेव्हाही होते. तर ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अशी साक्ष दिली गेली, त्यांची जीभ तरी दुसऱ्याविषयी जपून चालावी अशी अपेक्षा करणे वाजवी आहे. मला भय वाटते, की ती तशी चालत नाही. पूर आला की खालच्या आळीचे लोक मदतीची पोती दोनदा नेतात, अमक्या जातीचे लोक रिकाम्या घरांत शिरतात, ही भाषा आपल्याही ओसरीवर ऐकू येते, आणि बोलणारा रविवारी प्रभुभोजनास येतो.

अफवेने काय होते हे पाहावयास अमेरिकेस जावयास नको. कट्रिनाच्या एकच महिना आधी, 26 जुलै 2005 रोजी, मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यात जे दगावले ते पाण्याने. पण 28 तारखेच्या रात्री जुहूच्या नेहरूनगर वस्तीत कोणी ओरडले, की धरण फुटले, समुद्र आत आला; आणि अंधाऱ्या अरुंद गल्ल्यांत जी पळापळ झाली तीत सुमारे अठरा माणसे तुडवून मेली. धरण फुटले नव्हते. त्या वस्तीत त्या रात्री पाणी नव्हे, एक वाक्य शिरले होते.

आज ते वाक्य खिशातल्या फोनवर येते. वार्ता पुढे धाडणाऱ्यास वाटते, की मी तर केवळ धाडली, बोललो कोठे? परंतु डँझिगर पुलावर जे पोलीस उतरले त्यांसही ती वर्दी यंत्रावरूनच आली होती. पत्र पोहोचविणारा टपालवाला पत्रातील मजकुरास जबाबदार नसतो हे खरे. पण तो पत्र फोडून, वाचून, माझाही यावर विश्वास आहे असे म्हणून दहा घरी टाकीत नाही.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर माझी मंडळ्यांस व पंचांस एक विनंती आहे. कोकणात 2020 च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळाने घरांची छपरे नेली. 2019 च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुराकडे गावेच्या गावे पाण्यात उभी होती. अशी वेळ पुन्हा येईल तेव्हा वर्गणी गोळा करा, धान्य बांधा, कांबळी द्या. हे तुम्ही करिता व मिलिताच्या लोकांसारखे मन लावून करिता. त्याबरोबर दोन जाणती माणसे त्या गावी पाठवा. त्यांनी तेथे चार दिवस राहावे, चिखल उपसावा, ज्यांविषयी वाईट ऐकू येते त्यांच्याच आळीत जेवावे. त्या लोकांची नावे, घरात किती माणसे आहेत, काय गेले, भिंत अगर बांध कोठे फुटला व तो कोणी बांधिला होता, हे वहीत लिहून आणावे. मग रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ येईल तेव्हा त्या दोघांनी पुढे येऊन ती वही वाचावी, आणि बाकीच्यांनी त्या दिवशी आपापल्या जागी बसून ऐकावे.